हिरव्या आकड्यांचं मशीन

तिचं खरं नाव प्रेसमधल्या कुणालाच चटकन आठवलं नसतं. हाक मारायची ती 'कटरवहिनी' अशीच. वहिनी का, तर तिचा नवरा तिथला कटिंगवाला आणि सगळ्यांचा दादा. कटर का, तर दादा अंथरुणाला खिळल्यावर त्याच्या कटिंग मशीनवर ती उभी राहिली म्हणून.

त्याआधी ती मागच्या दालनात बाइंडिंगला बसायची. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, घड्या एकात एक बसवायच्या, शिवायच्या. शेजारी मावशी असायची. मावशी त्या टेबलाइतकीच जुनी होती आणि तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. तिथून मान वर केली की कोपऱ्यात खिडकीखाली दादा दिसायचा. त्याचं मशीन दुहेरी पलंगाएवढं होतं. वर गुळगुळीत लोखंडी टेबल, मधोमध वरून खाली उतरणारं लांब पातं, आणि उजव्या बाजूला खांबावर बसवलेला एक खोलगट, जुन्या छोट्या टीव्हीसारखा डिस्प्ले. काळ्या काचेवर हिरवे आकडे. कागदाचा गठ्ठा ज्या पट्टीला टेकतो ती मागची पट्टी पात्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, ते हे आकडे सांगायचे. आकडा बरोबर तर काप बरोबर. पुस्तकाचं सगळं काम संपल्यावर शेवटी ते या मशीनवर येतं. छापणाऱ्याची, घडी घालणाऱ्याची, शिवणाऱ्याची सगळ्यांची मेहनत तेव्हा त्या पात्याखाली असते.

एका सकाळी दादा बुटाची नाडी बांधायला वाकला तो सरळ झालाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली असं नाही, एक शब्द राहिला. 'बरोबर.' भूक लागली का म्हटलं तरी बरोबर, नाही लागली का म्हटलं तरी बरोबर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काहींचा एखादाच शब्द उरतो. कुणाची शिवी उरते, तुमच्याकडे निदान चांगला शब्द उरलाय.

खालच्या मजल्यावर राहणारी नणंद हे ऐकून म्हणाली, "जन्मभर या माणसानं माझं एक म्हणणं कबूल केलं नाही. आता बघा, शब्दाशब्दाला होकार." एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसली. वहिनी कामावर गेली की भावाला तीच सांभाळायची.

मशीन काही दिवस बंदच राहिलं. बाहेरून एक-दोन कटिंगवाले आणून पाहिले. एकानं पात्याला खाच पाडली, दुसरा तिसऱ्या दिवशी आलाच नाही. मालक दादाला बघायला घरी आले तेव्हा उठता उठता म्हणाले, "मशीन धूळ खात पडलंय, काय करावं कळत नाही."

"मी बघू का?" वहिनी म्हणाली.

"बघ की. रोजच बघतेस."

"तसं नाही. चालवून बघू का?"

मालकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा म्हणाला, "बरोबर." आणि मालकांनी तो शब्द खरा धरला.

ती शिकली ती त्या हिरव्या आकड्यांच्या जोरावर. दादानं नेहमीच्या कामांचे आकडे मशीनच्या पोटात साठवून ठेवले होते. बटण दाबलं की ते एकामागून एक डिस्प्लेवर यायचे आणि पट्टी आपोआप सरकायची. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, पट्टीला भिडवायचा, दोन हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबायची. दोन बटणं अशासाठी, की पातं खाली येताना माणसाचा कुठलाही हात त्याच्याखाली असू नये. पहिल्या दिवशी पातं खाली आलं तेव्हा तिनं डोळे मिटले होते. मावशी टेबलावरून ओरडली, "अगं डोळे उघड, कागद कापतेयस, इंजेक्शन घेत नाहीयेस!"

वर्षभरात तिचा हात बसला. पुढच्या दालनातली छपाईवाली मंडळी आधी कुजबुजायची. नंतर तीच गठ्ठे आणून म्हणू लागली, "वहिनी, एवढं आधी काढून द्या ना." कुणी काम घेऊन आपल्यापाशी थांबलंय, हे तिला नवीन होतं. घरी गेल्यावर ती दादाला सगळं सांगायची. आज लेबलं कापली, आज जाड पुठ्ठा होता, पातं घासायला पाठवलंय. तो ऐकायचा. मधूनमधून त्याचा शब्द म्हणायचा. त्या दिवसांत दोघांचं बरं चाललं होतं.

मग डिस्प्ले आजारी पडला.

आधी सकाळी चालू केल्यावर आकडे यायला वेळ लागायचा. ती तोवर टेबल पुसून घ्यायची. मग आकडे थरथरायला लागले. दादा कधीमधी मारायचा तशी डब्याच्या कुशीत तळहातानं एक थाप मारली की जागेवर यायचे. पुढे एका थापेनं भागेना. छपाईवाला जाता येता म्हणायचा, "वहिनी, दादावरचा राग त्याच्यावर कशाला काढता?" ती हसायची आणि आणखी एक मारायची.

त्यानंतर आकडे फिके होत गेले. खिडकीतून उजेड आला की काहीच दिसायचं नाही. तिनं खिडकीला जुना पडदा लावला. तेही पुरेना, तेव्हा पुठ्ठा वाकवून डिस्प्लेला एक टोपरं केलं. त्यात तोंड खुपसून ती आकडे वाचायची. मावशीला तेवढंच निमित्त. "घरी आजारी माणूस, इथे आजारी मशीन. टोपरं तेवढं घरच्याला घालायचं राहिलंय."

मालकांनी मशीनच्या कंपनीत फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, सुटे भाग येत नाहीत, डिस्प्ले एकटा बदलता येणार नाही, सगळी कंट्रोल सिस्टिमच नवी बसवावी लागेल. त्याची किंमत ऐकून मालकांनी फोन ठेवला आणि ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

मग त्यांनी टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. या माणसाला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो कुठल्याही यंत्राचं झाकण उघडण्याआधी त्याला कान लावायचा. खोक्यासारख्या टीव्हींचे दिवस संपले तसं त्याचं दुकान अर्धं मोबाइलच्या कव्हरांनी भरलं होतं. तो आला, कान लावला, झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारून म्हणाला, "ट्यूब म्हातारी झालीय."

"नवी मिळेल?" वहिनीनं विचारलं.

"नवी कुणी बनवतच नाही. जुनी कुठे मिळाली तर ती पण म्हातारीच असणार."

"मग?"

"थोडा दम वाढवून बघतो. पण आधीच सांगतो, उधारीचा दम आहे."

त्यानं आतला एक स्क्रू हळूच फिरवला आणि आकडे झगझगीत उमटले. वहिनीनं टोपरं काढून फेकलं, खिडकीचा पडदा सरकवला. तो आठवडा अगदी पहिल्यासारखा गेला. मग एका दुपारी, ती कसली तरी कार्डं कापत असताना, आकडे आक्रसून काचेच्या मधोमध एक हिरवा ठिपका झाले आणि ठिपका मिटला. मशीनची मोटर चालू होती, पातं धारदार होतं, पट्टी सरकत होती. फक्त ती कुठे आहे आणि साठवलेल्यांतला कुठला आकडा लागलाय ते कळत नव्हतं. तिनं थापा मारून पाहिल्या. मग हात दुखायला लागला तशी थांबली.

काम थांबवून चालणार नव्हतं. पट्टी हलवायला मशीनला एक हातचाक होतं. ती ते फिरवायची, एक रद्दी कागद कापायची, मोजपट्टीनं मोजायची, पुन्हा थोडं फिरवायची, पुन्हा कापायची. असं करत माप जुळेपर्यंत छपाईवाला दोनदा डोकावून जायचा. ज्या कामात एकच माप आहे ते कसंबसं निघायचं. लेबलांसारखं काम, ज्यात प्रत्येक कापाला पट्टी सरकवावी लागते, ते नुसतं साचत गेलं. गठ्ठे टेबलावरून जमिनीवर आले, जमिनीवरून जिन्याखाली गेले. आता कुणी "आधी काढून द्या" म्हणेना. नुसते गठ्ठे ठेवून जायचे.

दादानं मात्र डिस्प्ले नसलेल्या मशीनांवर उमेदीची वर्षं काढली होती. हातचाकावर तो झटक्यात माप लावायचा, हे तिनं स्वतः टेबलावरून पाहिलं होतं. कसं लावायचा ते कधी विचारलं नव्हतं. गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं घरातला पोळपाट पलंगाशी आणून ठेवला, त्यावर कागद ठेवला, वाटी उपडी ठेवून म्हणाली, "अहो, हे हातचाक समजा. एक पूर्ण फेरा फिरवला की पट्टी किती सरकते?"

"बरोबर."

"अहो, किती? पाच?"

"बरोबर."

"की सहा?"

"बरोबर."

तिनं बोटं दाखवली. डोळे मिचकावून सांगा म्हणाली. पाचाला एकदा, सहाला दोनदा. त्यानं डोळे मिचकावले, मिचकावतच राहिला, आणि मग त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. दारात उभी असलेली नणंद म्हणाली, "वहिनी, पुरे. नका छळू त्याला."

"छळत नाहीये हो मी. विचारतेय."

"त्याला आता पाच काय नि सहा काय, सगळं सारखंच."

त्यावर वहिनीनं पोळपाट उचलून आत ठेवला. पण तिच्या मनातून ते जाईना. जिभेला नाही सांगता येत, पण हाताला आठवत असलं तर? पुस्तकं वाचून नाही, हातानं शिकलेली विद्या होती ती. हात एक तरी शाबूत होता.

तिनं मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी आण. मी शटर उघडतो." माणूस वाईट नव्हता.

नणंदेनं आणि तिनं मिळून दादाला आंघोळ घातली, दाढी केली, कामावर जायचा शर्ट घातला. शर्ट आता दोन माणसं मावतील इतका मोठा झाला होता. भाड्याच्या गाडीतून आणलं. गाडीवाल्यानं आणि मालकांनी उचलून त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मशीनसमोर नेऊन लावली. प्रेस बंद असल्यामुळे इतकी शांतता होती की खुर्चीचं चाक कुरकुरलेलं ऐकू आलं.

दादानं मशीनकडे पाहिलं. मग डाव्या हातानं त्या काळ्या पडलेल्या डिस्प्लेच्या कुशीत एक थाप मारली. मालक हसले. वहिनीला वाटलं, आठवतंय! हाताला आठवतंय!

तिनं गठ्ठा लावला. त्याच्या कानाशी वाकून सावकाश म्हणाली, "अहो, आपली नेहमीची वही. शंभरदा कापलीत तुम्ही. वहीच्या मापाला लावा पट्टी."

त्यानं हातचाक धरलं. फिरवलं. थांबला, मान वाकडी करून पट्टीकडे पाहिलं, थोडं मागे घेतलं. तीच त्याची जुनी लकब होती. मग हात काढला आणि म्हणाला, "बरोबर."

त्यानं डावा अंगठा एका बटणावर ठेवला. मशीन हललं नाही. त्यानं जोरात दाबलं. मशीन हललं नाही. त्याची नजर दुसऱ्या बटणावर गेली, मग मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर गेली. त्या हाताकडे तो असा बघत राहिला, जणू ती दुसरंच कुणी विसरून गेलेली वस्तू असावी. वहिनी पुढे झाली आणि तिनं दुसरं बटण दाबलं. पातं खाली आलं आणि वर गेलं.

तिनं गठ्ठा काढला. मोजपट्टी लावण्याची गरजच नव्हती. वहीच्या मापाच्या जवळपासही नव्हतं ते. लांबट, अरुंद, कशाच्याही उपयोगाची नसलेली पट्टी. दादानं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, समाधानानं मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली. "छान कापलंत."

मालक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नणंद म्हणाली, "चला, त्याला थकवा येईल." परतीच्या वाटेवर दादा खिडकीबाहेर बघत खुशीत होता, हेच तिला सगळ्यात जड गेलं.

त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही. कागद कापत, मोजत, पुन्हा कापत राहिली. मालकांचा स्वभाव बदलत चालला होता. गिऱ्हाइकांना फोनवर सांगायच्या सबबी संपत आल्या होत्या.

अशातच टीव्हीवाला डॉक्टर एका सकाळी पिशवी घेऊन धावत आला. या जुन्या मशीनमधून येणारा सिग्नल साध्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला कळत नाही, पण मध्ये भाषांतर करणारा एक डबा मिळतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो डबा त्यानं मागवला होता. सोबत एक चपटी स्क्रीन होती. दिवसभर तो वायरी कापत, जोडत, पुन्हा कापत बसला. स्क्रीनवर कधी आडवे पट्टे, कधी बर्फासारखा भुगा. चहाचे कप त्याच्याभोवती साचले. दिवस कलता कलता आकडे उमटले. हिरवे नव्हते, पांढरे होते, पण आकडे होते. मावशी घड्या टाकून बघायला आली. छपाईवाला मशीन बंद करून आला. मालकांनी डॉक्टरच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला.

"कडा जरा पसरतायत," डॉक्टर डोळे बारीक करून म्हणाला. "डबा तापला की जास्त पसरतील. मी पुढच्या आठवड्यात येऊन जुळवून देतो."

"पसरू दे," वहिनी म्हणाली. "दिसतंय ना!"

जिन्याखालचे गठ्ठे एकेक करून संपायला लागले. सुरुवातीला ती प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला काप मोजून बघायची. बरोबर असायचा. छपाईवाला एकदा म्हणाला, "मोजायचंच असेल तर स्क्रीन काय शोभेला आणलीय?" कामं तर धो धो येत होती. तिनं मोजणं कमी केलं. पुढचा आठवडा आला आणि गेला, डॉक्टर आला नाही. त्याचं दुकान दुसऱ्या गल्लीत हलवायचं चाललं होतं, येतो येतो म्हणत राहिला.

एका आरोग्य संस्थेचं काम होतं. खिशात मावेल अशी पुस्तिका, आजारी माणसाची घरी काळजी कशी घ्यायची त्याबद्दलची. कागद वाचवायला मालकांनी पानांचा समास आधीच आवळून घेतला होता. संस्थेची गाडी दारात येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मालक दर थोड्या वेळानं दालनात येऊन "झालं का?" विचारत होते. दुपारची वेळ, डबा सकाळपासून तापलेला. पुस्तिकेचं माप अठ्ठ्याण्णव मिलिमीटर, आधीचं काम लहान लेबलांचं होतं. तिथून ती पट्टी मागे नेत आली, स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव दिसलं, थांबली. गठ्ठा लावला, बटणं दाबली. मग पुढचा. मग पुढचा. हात छान लागला होता. सगळ्या पुस्तिका कापून झाल्या तेव्हा तिनं कपाळ पुसलं.

मावशी त्या खोक्यात भरत होती. भरता भरता तिनं एक उघडली, डोळ्यांजवळ नेली. मावशीला वाचायची हौस होती, छापलेलं काहीही वाचायची. ती मोठ्यानं वाचायला लागली, "रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळ... पाठ कोरडी ठेवा... चादरीला सुरकुती पडू दे..." ती थांबली. "अगं, हे असं काय? सुरकुती पडू द्यायची?"

'पडू देऊ' उजव्या पानाच्या अगदी शेवटी छापलं होतं आणि 'नका' पान उलटल्यावर डाव्या पानाच्या सुरुवातीला. उजव्या पानांवरची शेवटची अक्षरं गेली होती आणि डाव्या पानांवरची पहिली.

वहिनीनं पुस्तिका घेतली. मोजपट्टी लावली. त्र्याण्णव. वळून स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर अजूनही अठ्ठ्याण्णवच दिसत होतं. ती अगदी जवळ गेली, नाक काचेला लागेल इतकी. तेव्हा तो आठ नसून तीन असल्याचं कळलं. त्याची डावी बाजू पसरून आठ झाली होती.

मालक आले. त्यांनी एक पुस्तिका उघडली, दुसरी उघडली, खोक्याच्या तळातली तिसरी काढून उघडली. वहिनी म्हणाली, "साहेब, मोजायला हवं होतं मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तिका हळूच परत खोक्यात ठेवली आणि म्हणाले, "तुझी चूक नाही. माझीच. मेलेल्या मशीनला किती दिवस उभं करून ठेवायचं." मग ते दारातल्या गाडीवाल्याला समजावायला गेले. मावशी खोक्यांची झाकणं लावत बसली.

पुस्तिका पुन्हा छापल्या. कापायला मात्र बाहेर दिल्या, शहराच्या पार टोकाला असलेल्या एका कटिंगवाल्या ठेकेदाराकडे. तिथून त्या एका दिवसात कापून, बांधून आल्या. पुढचं कामही तिकडेच गेलं. मग सगळंच जायला लागलं. काही दिवस वहिनी मशीनशी उभी राहून टेबल पुसत राहिली. पुसायला काही उरलं नाही तेव्हा आपणहून जाऊन मावशीशेजारी बसली. मावशी बाक सरकवून म्हणाली, "बस. तुझी जागा कुणी खाल्ली नाही." हे चांगल्या मनानं म्हटलं होतं.

एकदा ती धीर करून त्या ठेकेदाराकडे जाऊन आली. दोन गाड्या बदलून. तिथलं मशीन तिच्या मशीनच्या दुप्पट होतं आणि त्याला रंगीत, बोट लावलं की चालणारा डिस्प्ले होता. आकडे मुठीएवढे. आंधळ्यालासुद्धा वाचता आले असते. तिथल्या कामगारानं तिला एक काप मारून बघू दिला. तिचा हात तसाच होता, गठ्ठा एका ठोक्यात सरळ झाला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर मुरलेल्या आहात." तिला त्या क्षणी तिथून निघूच नये असं वाटलं. मॅनेजर म्हणाला, सध्या माणसं पुरेशी आहेत, जागा निघाली की कळवतो. आणि कामाची वेळ सांगितली. ती वेळ पाळायची तर दादाला पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नणंदेवर टाकावं लागलं असतं. नणंदेचे गुडघे तर जिने चढतानाच सांगायचे की आता फार दिवस नाही. वहिनी "बरं" म्हणून परत आली. कळवलं तर काय सांगायचं या विचारात तिचे काही दिवस गेले. त्यांनी कळवलंच नाही.

मशीन जुन्या लोखंडाच्या भावानं गेलं. घेणाऱ्यानं पातं आणि मोटर आधी काढून बाजूला ठेवली, त्यालाच काय ती किंमत होती. बाकीचं ओढत नेताना फरशीवर दोन लांब ओरखडे उमटले. आतली मेलेली ट्यूब डॉक्टरनं मागून घेतली, उगाच. चपटी स्क्रीन मालकांनी त्या डब्यासकट कार्यालयात कॅमेऱ्यासाठी लावली. त्यात आता दार दिसतं आणि दारातून येणारी-जाणारी माणसं दिसतात. सगळ्यांच्या कडा पसरलेल्या.

मशीन गेलं त्या संध्याकाळी तिनं दादाला भरवता भरवता सांगितलं. सांगावं की नाही असा विचार दोन घास होईपर्यंत केला. मग म्हणाली, "अहो, आज मशीन नेलं."

तो हसायला लागला. आधी हळू, मग खांदे हलवून, मग खळखळून. तोंडातला भात उशीवर सांडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं, मेंदूला इजा झाली की असं हसू येतं, आनंद नसला तरी येतं, आणि आलं की त्याचं त्यालाच थांबवता येत नाही. नणंद खालून ओरडली, "काय हो वहिनी, कशाला हसतोय एवढा?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

तो हसत राहिला आणि त्याचे डोळे तिच्याकडे लागलेले होते, घाबरलेले. तिनं वाटी खाली ठेवली, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ते हसू ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली. ओसरायला बराच वेळ लागला. मग तिनं त्याचं तोंड पुसलं, उशीची खोळ बदलली, त्याला कुशीवर वळवलं आणि पाठ कोरडी आहे ना ते हात फिरवून पाहिलं. उद्या घडीकामाचा मोठा गठ्ठा होता. कागदाच्या कडांनी बोटं पुन्हा चिरायला लागली होती. मधल्या काळात त्यांची सवय मोडली होती. ती कपाटातून चिकटपट्टी काढून एकेका बोटाला गुंडाळत बसली.